मदत हवी आहे: मेणकापडाच्या जुन्या जॅकेटला पुण्यात पुन्हा मेण कसं लावावं?

नमस्कार मंडळी,

बाबांचं एक जॅकेट आहे. १९८९ मध्ये कंपनीने त्यांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं, तेव्हा तिथे घेतलेलं, बार्बर या इंग्लिश कंपनीचं 'बोफर्ट' नावाचं. शेवाळी रंग, तपकिरी कॉर्डरॉयची कॉलर, आत चौकड्यांचं अस्तर, पितळेची जाड चेन आणि ती ओढायला बोट जाईल एवढी कडी. पाठीमागे आडवा मोठा कप्पा आहे. मुळात तो शिकारीत मारलेले पक्षी ठेवण्यासाठी असतो, आमच्याकडे त्यात भाकरीचं फडकं आणि बॅटरी असायची. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, सगळीकडे ते बाबांच्या अंगावर होतं. कोपराशी घड्या पडून पडून तिथला रंग उतरलाय. नुसतं हँगरला टांगलं तरी बाही बाबांच्या हातासारखी किंचित वाकलेली राहते.

आता अडचण सांगते. गेल्या पावसाळ्यात उजव्या बाहीवर चिखलाचे डाग पडले म्हणून मी ते घराजवळच्या लॉन्ड्रीत दिलं. मेणकापड आहे हे सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. गरम पाणी आणि साबण लावून त्यांनी बाही घासली. परत आलं तेव्हा तेवढी बाही उन्हात विटलेल्या ताडपत्रीसारखी पांढुरकी, कोरडी झाली होती आणि पाणी पडलं की सरळ आत शोषून घेत होती. त्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिलेलं. मी पिशवी तशीच कपाटात ठेवली. ऑगस्टमध्ये उघडली तर कॉलरखाली आणि काखेत बुरशीचे ठिपके. शिवाय त्याच बाहीला करवंदीच्या जाळीत अडकून बोटभर फाटलंय, ते आधीपासूनच.

"नवीन घे, पैसे मी देतो," असं बाबा म्हणतात. पण नवीन घेऊन झालंय. पाच वर्षांपूर्वी मी एक चांगलं महागाचं पावसाळी जॅकेट घेतलं, अगदी हलकं, मुठीत मावेल असं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचा आतला पापुद्रा चिकट झाला आणि पिठासारखा गळायला लागला. दुकानदार म्हणाला, याला दुरुस्ती नाही. आतला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि तो पुन्हा चढवता येत नाही, हे मला नंतर कळलं. मेणकापडाचं तसं नाही. मेण उतरलं की परत लावायचं, फाटलं की ठिगळ लावायचं. एका माणसाच्या आयुष्यभर वापरता येईल असं काहीतरी कुणीतरी विचार करून बनवलंय, हे त्या जॅकेटला हात लावला की जाणवतं. मला ते शोकेसमध्ये ठेवायचं नाहीये. डिसेंबरमध्ये राजगडावर मुक्काम आहे, तेव्हा घालायचंय. बाबांचे गुडघे आता गड चढू देत नाहीत.

तर विचारायचं असं की बुरशी आधी कशी घालवू? मेण पुण्यात कुठलं मिळेल, की मेणबत्तीचं मेण आणि जवसाचं तेल मिसळून घरीच करू? एका व्हिडिओत तसं दाखवलंय. आणि खरं सांगा, आपल्या पावसात असलं जॅकेट टिकतं का?

प्रतिसाद

ताई, आधी एक: जवसाच्या तेलाच्या वाटेला जाऊ नका. पूर्वी खलाशी शिडाच्या कापडाला तेच लावायचे, पण कालांतराने कापड पिवळं पडतं आणि पापडासारखं कडक होतं. म्हणूनच १९३० च्या दशकात पॅराफिन मुरवलेलं कापड आलं आणि तेलकापड मागे पडलं. शिवाय जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. घरात नकोच. नुसतं मेणबत्तीचं मेणही चालत नाही, थंडीत कोपराशी पांढऱ्या भेगा पडतात.

बार्बर कंपनीच्याच मेणाची डबी मागवता आली तर उत्तम. नाही तर मऊ पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण. महाबळेश्वरकडचे मधपाळ देतात. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पुण्याच्या एप्रिलमध्येही चिकट होत नाही. कंपनीचं मेण मात्र उन्हाळ्यात ओशट होतं, तेव्हा जॅकेट इतर कपड्यांना चिकटून टांगू नका.

प्रतिसाद

बुरशीबद्दल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, स्पंजने हलकं पुसा, आतून अस्तरालाही. मग दोन दिवस वाऱ्याच्या सावलीत. भर उन्हात टाकलं तर मेण पाझरून एका जागी साचेल. एरवी फक्त गार पाणी आणि स्पंज. साबण नाही, मशीन नाही, ड्रायक्लीन तर मुळीच नाही.

मेण लावताना डबी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, गॅसवर थेट कधीच नाही. पातळ झालं की जुन्या बनियनच्या तुकड्याने थोडं थोडं घ्या आणि हातभर जागा झाली की हेअर ड्रायर फिरवा. मेण कापडात शिरताना दिसतं, पांढुरका रंग एकदम गडद होतो. शिवणी आणि खांदे दोनदा. कॉलर, खिशांच्या आत आणि अस्तराला अजिबात नाही. मग रात्रभर टांगून ठेवा, खाली वर्तमानपत्र घाला.

तुमच्या जॅकेटच्या लेबलवर ब्रिटिश राजघराण्याची मानचिन्हं (राजघराण्याला माल पुरवणाऱ्या कंपनीला मिळतात ती) किती आहेत पाहा. तीन असतील तर ते १९८७ नंतरचंच, बार्बरला तिसरं त्या वर्षी मिळालं.

प्रतिसाद

पावसाचं खरं सांगतो, कारण कुणी सांगत नाही. ताम्हिणीत जुलैमध्ये हे घालून गेलात तर तासाभरात खांद्याच्या शिवणींतून पाणी आत येणार आणि घामाने आतूनही भिजणार. हे कापड इंग्लंडच्या गार भुरभुर पावसासाठी आहे. पण डिसेंबर-जानेवारीत, पहाटेच्या दवात, माचीवरच्या वाऱ्यात, कारवीतून वाट काढताना याच्यासारखं काही नाही. नायलॉन करवंदीला लागलं की चिरतंच. शेकोटीपासून मात्र दूर राहा, मेण पेट घेतं.

ज्यांना हे परदेशी खूळ वाटतं त्यांनी आपली घोंगडी आठवावी. मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली. माझ्या आजोबांची एक घोंगडी आमच्या घरात अजून आहे. पावसात डोक्यावर खोळ, रात्री अंथरूण, दोन्ही तीच. जी वस्तू नीट करता येते ती माणूस टाकत नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. लेबलवर तीन चिन्हं आहेत. बाबांना सांगितलं तर ते चष्मा लावून स्वतः मोजायला बसले.

व्हिनेगरने ठिपके गेले, वास अजून थोडा आहे. जवसाचं तेल रद्द. कंपनीची डबी मागवली आणि रविवारी फक्त उजव्या बाहीवर करून पाहिलं. सांगितलं तसंच झालं, ड्रायर फिरवला की पांढरी जागा शेवाळी होत जाते. माझ्या हाताला सवय नव्हती म्हणून मनगटाजवळ मेण जाड बसलं. बाबांनी ड्रायर माझ्या हातातून घेतला आणि ते पसरवलं. सकाळी बाहीवर तांब्यातलं पाणी ओतलं, थेंब गोळा होऊन घरंगळले.

आता फाटलेलं राहिलंय. दोन शिंप्यांनी मशीनला मेण लागेल म्हणून नाही म्हटलं, आणि रफू यावर बसत नाही, सुईची भोकं तशीच राहतात. आतून जाड सुती कापडाचं ठिगळ लावून हाताने शिवून देणारा छत्री-बॅगा दुरुस्त करणारा कुणी पेठांमध्ये किंवा कॅम्पात आहे का? टाचण्या न लावता काम करणारा हवा. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आत झालं तर बरं होईल.