उत्तर: चढत्या डोसचे गट आणि क्रुस्कल-वॉलिस

प्रश्न असा: औषधाचे ०, ५, १०, २० मिलिग्रॅम डोस घेणाऱ्या चार वेगळ्या गटांत डोसबरोबर परिणामही वाढतो का, हे कसं तपासायचं? त्यांना क्रुस्कल-वॉलिस (अनेक गटांत फरक आहे का हे बघणारी चाचणी) लावा, हा आधी मिळालेला सल्ला चूक नाही. पण हातातली माहिती वाया जाते. गटांची अदलाबदल केली तरी त्याचं उत्तर तेच, क्रम त्याच्या गावीही नाही! इथे जॉन्कहीर-टर्पस्ट्रा चाचणी बघा (टर्पस्ट्रा १९५२, जॉन्कहीर १९५४). गटांची प्रत्येक जोडी घ्यायची, जास्त डोसचं निरीक्षण कमी डोसच्या निरीक्षणापेक्षा किती वेळा मोठं निघतं ते मोजायचं आणि सगळ्या जोड्यांची बेरीज करायची. परिणाम खरंच चढता असेल तर ही चाचणी तो जास्त सहज पकडते.

मात्र दिशा आकडे बघण्याआधीच ठरवा. २० मिलिग्रॅमला परिणाम पुन्हा घसरला, तर हीच चाचणी दगा देऊ शकते. आणि तेच रुग्ण चारही डोसवर मोजले असतील, तर पेजची चाचणी (त्याच व्यक्तींच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या मोजमापांत असा चढता क्रम तपासणारी) वापरा.