छोट्या होडीला फिश फाइंडर घ्यायचा, तो तळ बघायला

विजयदुर्गवाला
पावसाळी मासेमारीबंदी उठायला आठ दिवस राहिलेत. जाळी शिवून झाली, इंजिन उघडून बांधलं, आणि जेटीवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय: फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत येणाऱ्या आवाजावरून खालचं पडद्यावर दाखवणारं मशीन, कुठला घेऊ? माझं मत आधीच सांगतो. वीस-चोवीस फुटी फायबर होडी, आउटबोर्ड, गिलनेट (पाण्यात उभं सोडायचं जाळं) आणि गळ, पाच ते वीस वावांतलं काम (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). अशा माणसाने चार-पाच इंची साधं मशीन घ्यावं, आणि तेही मासा शोधायला नाही, तळ बघायला.

गेल्या डिसेंबरात नेहमीच्या जागेपासून जरा दक्षिणेला जाळं टाकलं. ओढताना अडकलं. खाली खडप, म्हणजे पाण्यातला खडक. निम्मं जाळं वर आलं, त्यात हात आरपार जाईल अशी भोकं आणि दोऱ्यात अडकलेले शिंपल्यांचे तुकडे. बाकीचं तिथेच राहिलं. मशीन त्यानंतर घेतलं.

आता तळ कसा कळतो ते. चिखल असेल तर पडद्यावर तळाची रेघ पुसट आणि मऊ दिसते. खडक असेल तर रेघ जाड, ठसठशीत, आणि दुप्पट खोलीवर तशीच दुसरी रेघ उमटते, कारण आवाज तळावर आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठावरून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो. दहा वावावर तळ आणि वीस वावावर त्याची सावली दिसली की मी जाळ्याला हात लावत नाही.

घेताना इंच मोजू नका, ट्रान्सड्युसर बघा, म्हणजे आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद, बारकावा चांगला. ७७ किंवा ५० चा झोत रुंद, पण चित्र ढोबळ. २० मीटर पाण्यात २० अंशांचा झोत तळाशी साधारण ७ मीटर जागा बघतो, ४५ अंशांचा १६ मीटरच्या आसपास. दोन्ही असलेलं मशीन घ्या. आणि माशांची चित्रं दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. बुडबुडे आणि शेवाळ यांनाही ती मासा म्हणते.

मालवणचो तात्या
माका ह्या पटणा नाय. माझो बापूस दोरयेक शिसाचो गोळो बांधून तळ बघी. गोळ्याच्या बुडाक साबण लावी. वर काढल्यार साबणाक रेव लागली काय चिखल, ता बोटान चोळून सांगी, हंय टाक, हंय नको. पक्षी खय पडतत, पाण्याक रंग कसो, ह्या बघूक बॅटरी लागणा नाय. आताची पोरां मान वर करून दर्याकडे बघणत नाय, पडद्यात बघतत. मशीन बंद पडला काय तेंका घरची वाट गावची नाय.

विजयदुर्गवाला
तात्या, तुमच्या बापाशींचा साबण आणि माझी ती दुहेरी रेघ एकच गोष्ट सांगतात. फरक एवढाच की गोळा एका ठिकाणचं सांगतो आणि रेघ होडी चालताना सांगते. पक्ष्यांचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. मशीनला मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. सुरमईला ती नसते, मुशीला नसते, माकुलाला नसते. मग पडद्यावर त्यांचा ठिपका फिका. सुरमईसाठी मी आजही आभाळाकडेच बघतो.

मिरकरवाड्याचा तांडेल
दोघांशीही सहमत नाही. चार इंची पडदा म्हणजे वाया घालवलेले पैसे. दुपारच्या उन्हात काही दिसत नाही, त्यात खोली आणि जीपीएस शेजारी-शेजारी लावले की आकडे मुंगीएवढे. माझ्याकडे नकाशावालं सात इंची आहे. खडपाची जागा एकदा खुणेत ठेवली की वर्षानुवर्षं राहते. इन्कॉइस या केंद्राच्या सागरी माहिती संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागांचा सल्ला येतो, बंदरापासून दिशा, अंतर, खोली. ते टाकायचं आणि निघायचं. साइड स्कॅनही घ्या, दोन्ही बाजूंचं दिसतं. एकदाच खर्च, पण पूर्ण.

विजयदुर्गवाला
खुणा तर चार इंचीतही ठेवता येतात, फक्त मागे नकाशा नसतो. पडद्याच्या उजेडाचं मान्य. म्हणून दुकानात नाही, बाहेर उन्हात आणून बघा.

साइड स्कॅनला मात्र माझा ठाम विरोध आहे. तो ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालतो, आणि एवढा उंच आवाज खारं पाणी भराभर गिळतं. खोक्यावर छापलेला खोलीचा मोठा आकडा बहुधा गोड्या पाण्यातला असतो, हे दुकानदार सांगत नाही. होडी लाटेवर डोलली की बाजूचं चित्र फाटतं ते वेगळंच. तुमच्या मोठ्या बोटीवर चालेलही, माझ्या चोवीस फुटीवर नाही. आणि सल्ला उपग्रहाने पाहिलेल्या पाण्याच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर निघतो. ढग आले की उपग्रहाला दिसत नाही.

वायरमन, हर्णै
मशीन कुठलं यावर भांडताय, पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतली निम्मी मशीनची नसतेच, बसवण्याची असते. ट्रान्सड्युसर इंजिनच्या पंख्याच्या जवळ लावतात. पंख्याचे बुडबुडे त्याच्या तोंडासमोरून जातात, आणि हवा म्हणजे आवाजाला भिंत. होडी उभी असताना सगळं छान, वेग घेतला की पडदा काळा. मागच्या फळीवर पंख्यापासून निदान हातभर लांब, होडी पळतानाही पाणी सलग सरकतं अशा जागी, तोंड सरळ खाली.

वायर इंजिनच्या वायरींबरोबर एकत्र बांधू नका, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा येतात. फ्यूज लावाच. जमलं तर वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी ठेवा. सेल्फ मारताना मोठ्या बॅटरीचा दाब पडतो आणि मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं. आणि जोडणीच्या पिना. खारट वाऱ्याने हिरव्या पडतात. बंदीच्या दोन महिन्यांत मशीन काढून घरात ठेवा, पिना पुसून.

रापणीतला
माझा प्रश्न वेगळा आहे. आधी जाळी मोठी झाली, मग इंजिनं, मग रात्रीचे दिवे. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेण्यावर बंदी घातली, तरी लांबवर उजेड दिसतोच. आता छोट्या होडीलाही डोळे लावायचे? मग माशाने लपायचं कुठे? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढायला चाळीस माणसं दोरीला लागतात आणि हाताला दोन टोपल्या येतात. मला हे मशीन बघून आनंद होत नाही.

विजयदुर्गवाला
दादा, तुमची तगमग माझीही आहे. पण दोन गोष्टी एका दोरीत बांधू नका. थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या मोठ्या पर्ससीन बोटीवरचा सोनार आडवा फिरतो, चारी बाजूंना लांबवर थवा हुडकतो. माझं मशीन फक्त बुडाखाली बघतं, २० मीटर पाण्यात रुंदीला फार तर १६ मीटरच्या आसपास. माझ्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, माशांची बारीक पिल्लं सोडून देतो. उलट मी एक जाळं खडपावर सोडून आलो, ते महिनोन्महिने तिथे कुणाच्या उपयोगाशिवाय मासे मारत बसलं असेल. ते पुन्हा होऊ नये म्हणून तर हा खर्च.

दाभोळची पोर
बाबांची होडी फायबरची. बुडाला किंवा मागच्या फळीला भोक पाडायला ते तयार नाहीत. ट्रान्सड्युसर आतून चिकटवला तर चालतो का?

वायरमन, हर्णै
ताई, फायबर भरीव असेल तर चालतो. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर नाही. आधी चिकटवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्युसर त्यात बुडवून पिशवीचं तोंड बांधा. होडीच्या तळाशी आतून थोडं पाणी शिंपडून त्यावर पिशवी घट्ट दाबून धरा, मध्ये हवा नको. खोली वाचा. मग तोच ट्रान्सड्युसर बाहेर पाण्यात धरून वाचा. दोन्ही आकडे जुळले तर जागा ठरली, नाहीतर हातभर सरकवून परत बघा. पाण्याचं तापमान मात्र आतून बरोबर येणार नाही, ते होडीच्या बुडाचं दाखवेल.

दाभोळची पोर
उद्या भरतीला खाडीत करून बघते. बाबा म्हणाले, पिशवी मी धरतो, आकडा तू वाच.