मदत हवी आहे : ओदानी किल्ल्यावर बाबांना नेता येईल का?

नोव्हेंबरमध्ये बाबा जपानला माझ्याकडे येत आहेत. वय ७१, पण सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेले. त्यांना शिगा प्रांतातला ओदानी दाखवायचाय. १५७३ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदाराने तो घेतला, त्याचा मेहुणा आणि किल्ल्याचा धनी आझाई नागामासा तिथेच संपला. पुढे नोबुनागाचा सेनानी हिदेयोशी याने जवळच नागाहामाला नवा किल्ला बांधला नि ओदानी ओस पडला. आता वाडे नाहीत, बुरूज नाहीत. झाडीत सपाट केलेले टप्पे, डोंगरधारेवर खोदलेले चर आणि सान्नोमारू या भागाची दगडी भिंत उरलीय. मला तर तेच बघायचंय!

कावाके स्टेशनवरून पायथ्यापर्यंत टॅक्सी मिळते का? पावसानंतर वाट फार निसरडी होते का? अस्वलं दूर राहावीत म्हणून अंगावर घंटा बांधतात म्हणे, ती कुठे मिळेल? कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.