पाडायला नाही, नुसतं बघायला

आत्या: अरे मिसाईल डिफेन्सच्या, म्हणजे येणारी मिसाईल वाटेतच अडवायच्या यंत्रणेच्या टेस्टिंगसाठी सॅटेलाइट टार्गेट म्हणून वापरायचे असं वाचलं, म्हणजे २०१९ ला आपण मिशन शक्तीत पाडला तसंच ना?

दादा: नाही गं आत्या, तिथे मायक्रोसॅट-आर खरंच पाडला, जवळपास ३०० किमीवर. इथे पाडायचं काही नाही, रडारने त्याच्याकडे बघायचं आणि रडार किती चुकतंय ते काढायचं

छोटू: मग विमान का नाही चालत

दादा: फार हळू रे. लांब पल्ल्याच्या मिसाईलचं वॉरहेड, म्हणजे स्फोटकं असलेलं टोक, सेकंदाला ७ किमीच्या आसपास जातं, खालच्या ऑर्बिटमधला सॅटेलाइटही साधारण तसाच पळतो, आणि परत परत येतो त्यामुळे दरवेळी नवीन मिसाईल उडवायला नको

काका: सोव्हिएतवाल्यांनी तर धडाकाच लावलेला. रडार तपासायला डीएस-पी१-यू नावाचे ७९ सॅटेलाइट उडवले, १९६४ ते ७६, त्यातले ७ ऑर्बिटला पोचलेच नाहीत, आणि जगाला सांगायचं काय तर कॉसमॉस अमुक नंबर, हे त्यांचं सरसकट नाव 😄 नंतर त्याच कामाचे ताइफून सॅटेलाइट आले, त्यातले काही वर गेल्यावर पोटातून २०-२५ छोट्या वस्तू सोडायचे

ताई: कशाला? कचराच की

काका: माझ्या मते गर्दी ट्रॅक होते का बघायला. वॉरहेडसोबत नकली फुगे सोडता येतात ना, आणि वर हवाच नाही म्हटल्यावर हलका फुगा नि जड वॉरहेड एकाच स्पीडने जाणार, ओळखायचं कसं

दादा: मला अमेरिकेचा एलसीएस-१ सॅटेलाइट भारी वाटतो, तोही रडार तपासायलाच. १९६५ चा, एमआयटीच्या लिंकन लॅबचा, ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा, १.१२ मीटर व्यास, ३४ किलो. बॅटरी नाही अँटेना नाही, २८०० किमीवर अजून फिरतोय

छोटू: गोळाच का पण

दादा: पत्रा गरगरत असला तर रडारला कधी केवढा दिसतो कधी गायबच. गोळा कुठूनही सारखा, आणि रडारची वेव्हलेंग्थ बरीच छोटी असेल तर पाय आर स्क्वेअर एवढाच दिसतो. कर हिशोब, त्रिज्या ०.५६

छोटू: ०.९८५

दादा: म्हणजे १ चौरस मीटर धर. रडारने २ दाखवला तर गडबड रडारची

आत्या: वजनकाट्याचं माप झालं की रे हे

ताई: पण वॉरहेड कुठे गोळा असतं, शंकू असतो आणि समोरून तर रडारला खूपच छोटा दिसतो

काका: तेच तर. गोळ्यावरून रडार बरोबर मोजतंय एवढंच कळतं, वॉरहेड ओळखेल का ते नाही, म्हणून शेवटी खरी टार्गेट मिसाईल उडवावीच लागते, अमेरिका पॅसिफिकमधल्या क्वाजलीन बेटांच्या बाजूला उडवते तशी