हिमोग्लोबिन ठीक, तरीही लोह कमी

हिमोग्लोबिन योग्य असेल तर हृदयरुग्णाने लोहाची चिंता करू नये, हे मत मला अपुरे वाटते. हार्ट फेल्युअरच्या (हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकण्याच्या) जवळपास निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता आढळते आणि त्यांतील अनेकांना रक्तक्षय नसतो. लोह स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार होण्यासाठीही लागते, त्यामुळे जिना चढताना लागणारी धाप केवळ हृदयाच्या माथी मारता येत नाही.

अहवाल वाचताना मात्र हमखास गफलत होते. दाह (इन्फ्लमेशन) असताना फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, लोह कमी असूनही वाढते; म्हणून हार्ट फेल्युअरच्या मोठ्या चाचण्यांत फेरिटिन १०० नॅनोग्रॅम प्रति मिली पेक्षा कमी, किंवा १०० ते २९९ असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के लोहाने भरले आहे तो आकडा) २० टक्क्यांखाली, ही कसोटी वापरली गेली. फेरिटिन १८० असलेला कागद निर्धोक दिसतो, पण शेजारी सॅच्युरेशन १४ टक्के असेल तर ती कमतरताच. मला स्वतःला सॅच्युरेशनचा आकडाच अधिक भरवशाचा वाटतो.

लोहाच्या गोळ्यांचा या रुग्णांना फारसा उपयोग होत नाही, कारण दाहामुळे वाढलेले हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून होणारे शोषण रोखते. २०१७ च्या आयर्नआउट चाचणीत १६ आठवड्यांनंतरही व्यायामक्षमता सुधारली नाही. शिरेतून दिलेल्या लोहाने २००९ च्या फेअर-एचएफ चाचणीत लक्षणे कमी झाली, तर २०२० च्या अफर्म-एएचएफमध्ये पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले, मृत्यूचे मात्र नाही. शिवाय हे निष्कर्ष मुख्यतः हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्या रुग्णांचे आहेत. अँजिओप्लास्टी झालेल्या प्रत्येकाला ते लावू नयेत.