मदत हवी आहे : बंद दाराचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी कोथरूडमधल्या आमच्या भागात घरगुती पाणीवापराचं सर्वेक्षण करतेय. एकूण १२०० घरं : सोसायट्यांत ७००, चाळींत ३००, वस्तीत २००.

आधी गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवला. १४० उत्तरं आली, जवळजवळ सगळी सोसायट्यांतली. मॅडम म्हणाल्या, हा नमुना नव्हे, ही ओळखीपाळखीची माणसं! पटलं. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीत एका साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं होती, तरी अंदाज साफ चुकला. माझी १४० काय घेऊन बसलात.

आता किती घरं विचारायची याच्या सूत्राने, ९५ टक्के विश्वासपातळी (निष्कर्षाची खात्री) आणि ५ टक्के चूक धरून, २९२ घरं येतात. स्तरित नमुना (प्रत्येक प्रकारातून त्याच्या प्रमाणात घरं) घेऊन वाटणी केली : सोसायट्या १७०, चाळी ७३, वस्ती ४९. घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. इथवर ठीक.

गाडं अडलंय ते दारात. सकाळी अकराला गेलं की आजी-आजोबाच भेटतात, नोकरदार घरांना कुलूप. एक ते चार बेल वाजवायची माझी तरी हिंमत नाही, पुणं आहे हे. काल चौदा दारांपैकी सहा उघडली. एका काकांनी सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच विचारलं, "मीटर बसवायला आलात का?"

बंद घराऐवजी शेजारचं घर घेतलं तर चालेल का? की संध्याकाळी, रविवारी त्याच दारात पुन्हा जायचं? किती वेळा? आणि "रोज किती लिटर वापरता" याऐवजी बादल्या विचारल्या तर आकडे जास्त खरे येतील का? कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.