मदत हवी आहे: बसून चालवायचा मोवर अर्ध्या चोकवरच चालतोय, ब्लेड लावलं की मरतोय

लॉनवाला_कळंबा:
नमस्कार मंडळी. कळंब्याच्या पुढं मामांचं लग्नाचं लॉन हाय, तिथली देखभाल आता माझ्याकडं आलीय. गवत कापायला एक राइड-ऑन मोवर हाय, सेकंडहँड घेतलेला, अमेरिकन बनावटीचं पेट्रोल इंजिन, सिंगल सिलिंडर, पाचशे सीसी, साडेसतरा एचपी. पावसाळाभर पत्र्याच्या शेडमधी उभा होता, कारण आपल्याकडच्या पावसात लॉनवर चाक घातलं की रुतलंच, तवर ब्रश कटरवर भागवलं. आता पाऊस उघडलाय, गवत पोटरीला लागायलंय आणि तुळशीची लग्नं झाली की पहिली तारीख बुक हाय.

त्रास असा की चालू होतोय पण चोक पूर्ण उघडला की इंजिन सारखं वरखाली करतंय, भूंऽऽ करून चढतंय आणि लगेच बसतंय, परत चढतंय. चोक अर्धा ओढून ठेवला तर जरा सरळ चालतंय. पण ब्लेडचा लिव्हर टाकला की घुसमटल्यासारखं करतंय आणि बंद. गरम झाल्यावर तर लिव्हर टाकायचीच खोटी. शिवाय चालू करताना कधीकधी स्टार्टर अर्धा फेरा मारून धप्पकन अडतोय, बॅटरी नवी टाकली तरी तेच. प्लग नवा हाय, एअर फिल्टर बदललाय, ऑइल बदललंय. धूर म्हणावा तसा नाही.

एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्रेशनचं घड्याळ लावून बघितलं आणि म्हणाला प्रेशर लै कमी दाखवतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बोअर करायला लागणार. खर्च ऐकून मामा म्हणाले विकून टाक भंगारात. इंजिन उघडायच्या आधी काय काय बघावं ते सांगा कोणीतरी.

तांबडा_पांढरा:
धनगराची मेंढरं बसव दोन दिस, गवत बी कापून हुतंय आणि खत बी मिळतंय 😄 पेट्रोलचा खर्च न्हाई, प्लग न्हाई, रिंगा न्हाईत.

उद्यमनगरकर:
मेंढरं राहू दे, आधी त्या गॅरेजवाल्याला थांबवा. लॉनवाले भाऊ, तुम्ही जे सांगितलंय त्यात अर्धं उत्तर हाय. चोक हवा कमी करतो, म्हणून चोक ओढल्यावर इंजिन सुधारतंय याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठून तरी जादा हवा जातीया. वरखाली करायला हंटिंग म्हणतात, जनरेटरवाल्यांना विचारा. आत गव्हर्नर असतोय, आरपीएम पडला की तो बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली झडप) उघडतो, पण मिश्रण पातळ म्हणून इंजिन लगेच साथ देत नाही, तवर तो अजून उघडतो, मग एकदम चढतं, मग तो बंद करतो, असा खेळ चालतो. पण म्हणून गव्हर्नरच्या स्प्रिंगला हात लावू नका, लोक तिथंच पिळून ठेवतात आणि मग इंजिन पळतंय भलत्याच स्पीडला. ही इंजिनं साधारण ३३०० ते ३६०० आरपीएमला बांधलेली असतात, त्याच्या वर गेलं तर कनेक्टिंग रॉड बाहेर येईल.

पहिलं काम, टाकीतलं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर हलवू नका. मग सांगा काय दिसतंय. दुसरं, इंजिन चालू असताना कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर लांबून कार्ब क्लीनरचा फवारा बारीक मारा, आवाज बदलला तर तिथलं पॅकिंग गेलंय. हे मोकळ्यावर करा आणि सायलेन्सरपासून लांब, तापलेल्या इंजिनवर फवारा मारू नका.

मळीचा_वास:
बाटलीत काय दिसणार ते मी आत्ताच सांगतो, खाली पाण्यासारखा थर. साखर कारखान्यात डिस्टिलरीला आहे मी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय, २०२३ पासनं टप्प्याटप्प्यानं आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडं झालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतंय आणि पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की पेट्रोलपासनं सुटून दोन्ही मिळून तळाला बसतात. आणि टाकीतनं नळी निघते ती तळातनंच. कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे हवेत पाणीच पाणी, अर्धी भरलेली टाकी चार महिने ठेवली तर काय होणार? बहुतेक लहान इंजिनांच्या मॅन्युअलमधी १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतंय. रोज पळणाऱ्या मोटारसायकलला काही होत नाही, उभ्या राहणाऱ्या मशीनला होतंय.

ऊस आपलाच, इथेनॉल आपलंच आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) पण आपलाच चोंदतोय, तक्रार करायची कुणाकडं.

पुण्यातून_बघणारा:
कॉम्प्रेशनबद्दल बोलतो, कारण त्यावरून इंजिन उतरवायला निघाला आहात. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक बारीक उंचवटा दिलेला असतो, स्टार्टर फिरवताना तो एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, म्हणजे एवढं मोठं सिंगल सिलिंडर लहान मोटरला फिरवता यावं. त्यामुळे गेज लावून स्टार्टर मारला तर आकडा कमीच दाखवणार, इंजिन धडधाकट असलं तरी. मोटारसायकलचा हिशोब इथे चालत नाही. बघायचंच असेल तर पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि ऐका. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल टाकायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा हेड गॅस्केट. हवा सोडताना इंजिन झटक्यात फिरू शकतं, हात लांब ठेवा आणि ब्लेडचा लिव्हर काढलेला असू दे.

आणि स्टार्टर अडतोय ही तर माझ्या मते चांगली बातमी आहे. रिंगा गेलेलं इंजिन भुर्रकन फिरतं, ते अडेल कशाला? टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट) वाढला की तो उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, मग पूर्ण कॉम्प्रेशन स्टार्टरच्या अंगावर येतं. टॅपेट सेटिंग करून घ्या.

लॉनवाला_कळंबा:
मळीवाले दादा, बरोबर वळखलं. बाटलीत खाली बोटभर थर आलाय, गढूळ. टाकी सगळी काढून धुतली, फिल्टर आणि नळी बदलली. कार्बोरेटरची वाटी उतरवली तर आत हिरवट पांढरी पूड बसलेली, मेन जेटच्या भोकातनं उजेडच दिसत नव्हता. पॅकिंगवर फवारा मारून बघितलं, आवाजात फरक नाही.

एक शंका, वाटीच्या बुडाला बोल्टच्या जागी एक वायर आलेली वस्तू हाय, ती काय? आणि जेट पिनेनं साफ केला तर चालतंय का?

उद्यमनगरकर:
पीन अजिबात घालू नका, जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की कायमचा जादा पेट्रोल पिणार. साध्या वायरीतली एक तांब्याची तार काढा, ती घाला, मग क्लीनर आणि हवा. नुसता मेन जेट करून थांबू नका, आयडलचा जेट वेगळा असतोय, वरच्या अंगाला, बऱ्याचदा त्याच्याकडंच कुणी बघत नाही आणि हंटिंग तसंच राहतंय. हवा मारण्याआधी फ्लोट आणि रबराचे पार्ट काढून ठेवा. वाटीचा ओ-रिंग फुगला असेल तर नवाच टाका, फुगलेला परत बसत नाही.

ती वायरवाली वस्तू म्हणजे सोलेनॉइड. चावी चालू केली की टिक करून दांडी आत ओढते आणि जेट मोकळा होतो, चावी बंद केली की पेट्रोल बंद. टिक आवाज येत नसेल किंवा दांडी अर्धीच ओढत असेल तरी तुमचा हाच त्रास होतोय. बाहेर काढून बॅटरीवर लावून बघा, पण ते बघताना आसपास पेट्रोलचं भांडं उघडं ठेवू नका.

लॉनवाला_कळंबा:
भारी!! दोन्ही जेट साफ केले, सोलेनॉइड टिक करतंय, ओ-रिंग बदलला. चोक पूर्ण उघडा ठेवून इंजिन एका सुरात चालतंय, वरखाली करायचं बंद. पण ब्लेडचं दुखणं संपलं नाही. लिव्हर टाकला की आता लगेच मरत नाही पण आवाज खोल जातोय आणि जरा वेळानं बंद पडतोय, बेल्टचा जळका वास पण येतोय. टाकीचं झाकण सैल करून बघितलं, हवेचं भोक बंद असेल म्हणून, तर काही फरक नाही.

मिरजकर_काका:
अहो बेल्टचा वास येतोय म्हणता आणि अजून इंजिनच बघताय? प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा, ते केल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, हे विसरू नका. मग बेल्ट उतरवा आणि ब्लेड एकेक हातानं फिरवून बघा. ब्लेड हलकं फिरलं पाहिजे आणि खरखर ऐकू येता कामा नये. माझा अंदाज, एका स्पिंडलचं (ब्लेड ज्यावर फिरतं ती दांडी) बेअरिंग पावसाळ्यात गंजून धरलंय. ब्लेडच्या वरचं पत्रं पण खालनं खरवडा, ओलं गवत वाळून तिथं थापीसारखं चिकटतंय आणि ब्लेडला घासतंय.

दुसरं, इंजिनच्या वरचं पंख्याचं झाकण काढा. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, फिन्समधी (थंड करणाऱ्या पात्यांमधी) गवत भरलं की गरम झाल्यावर ताकद जाणारच.

लॉनवाला_कळंबा:
काका तुमच्या पाया पडतो. डाव्या बाजूचं ब्लेड दोन्ही हातांनी जोर लावला तरी जेमतेम हलतंय, उजवं भिंगरीसारखं फिरतंय. बेअरिंगवर ६२०३ नंबर दिसतोय. आणि पंख्याचं झाकण काढलं तर आत उंदरानं गवत, चिंध्या, लग्नाच्या डेकोरेशनमधली झालर, सगळा संसार मांडलेला. एक फिन दिसत नव्हता.

मिरजकर_काका:
६२०३ म्हणजे सतरा बाय चाळीस बाय बारा, उद्यमनगरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा, पत्र्याचं सील असलेलं नको, पाणी जातंय त्यात. स्पिंडलला वरखाली दोन असतात, दोन्ही बदला. बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोका, मधल्या रिंगवर ठोकलं तर नवीन बेअरिंगची वाट लागते.

बेल्ट जळला असेल तर पंपाचा साधा व्ही-बेल्ट आणून घालू नका, मापात बसला तरी टिकत नाही. इथं बेल्ट स्वतःच क्लचचं काम करतो, सैल असताना घसरतो आणि लिव्हर टाकला की धरतो, म्हणून त्याला जाड कापडाचं आवरण असलेला वेगळा बेल्ट येतो.

लॉनवाला_कळंबा:
बेअरिंगं बसवली, दोन्ही ब्लेडं आता बोटानं फिरतायत. बेल्टची ऑर्डर दिलीय, तवर जुन्यावर कापून बघितलं, इंजिन मरत नाही, आवाज जरा खाली जातो आणि परत सावरतो. राहिलं ते स्टार्टर अडायचं. टॅपेटचं माप किती ठेवायचं आणि पिस्टन नक्की कुठं आणायचा ते सांगाल का पुण्यातले साहेब?

पुण्यातून_बघणारा:
इंजिन थंड असताना करा. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन अगदी वर आणा आणि तिथून पुढे साधारण ६ मिलिमीटर खाली उतरवा, म्हणजे तो उंचवटा मधे येत नाही. नेमकं वर ठेवून माप घेतलं तर चुकतं, बरेच जण इथेच फसतात. तुमच्या वर्णनासारख्या इंजिनांना साधारण इनलेट ०.०८ ते ०.१३ आणि एक्झॉस्ट ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर असतं, तरी झाकणावरचा मॉडेल नंबर घालून मॅन्युअल काढा आणि त्यातलंच माप धरा. फिलर गेज जरा ओढून निघाला पाहिजे. लॉक नट आवळल्यावर परत एकदा मोजा, आवळताना गॅप सरकतो.

लॉनवाला_कळंबा:
केलं. इनलेटचा गॅप जवळजवळ दुप्पट निघाला, एक्झॉस्ट मापात होता. आता स्टार्टर एका दमात फिरतोय. मामांनी भंगारवाल्याला नको म्हणून फोन केला. यापुढं हंगाम संपला की टाकी रिकामी करून, वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच शेडमधी लावणार.

तांबडा_पांढरा:
मग मेंढरं कॅन्सल का 😄

लॉनवाला_कळंबा:
मागच्या अंगाला चढ हाय, तिथं मोवर उलटायची भीती वाटतीया. तेवढ्याला पाठव.